दोन बोटं पाणी

रंगावर जायचं नाही, हा वल्लरीचा पहिला नियम. निदान कॉम्प्युटर गार ठेवणाऱ्या कूलंटच्या बाबतीत. बाकी आयुष्यात ती रंगावर जाऊन अनेकदा फसली होती. न्यू जर्सीत, आयसेलिनमधल्या घराच्या हॉलच्या पिस्ता रंगाच्या भिंती बावीस वर्षं त्याची साक्ष देत उभ्या होत्या.

ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी जेवणाच्या टेबलावर तीन गोष्टी मांडल्या होत्या. दुधासारख्या पांढऱ्या कूलंटची बाटली, रंगहीन तयार कूलंटची बाटली, आणि औषधांच्या दुकानात मिळतो तो डिस्टिल्ड वॉटरचा गॅलनचा कॅन. कॅनशेजारी एक बोटभर कुपी. गंज चढू नये, शेवाळ धरू नये म्हणून पाण्यात थेंब-थेंब घालायचं औषध होतं तिच्यात.

"हे पांढरं घे की. पियुषासारखं दिसतंय," रत्नामावशी म्हणाली.

"दिसतं. सहा महिन्यांत त्यातला रंग खाली बसतो आणि बारीक जाळ्या बुजतात. मग सगळं खोलून टूथब्रशनं घासायचं."

"मग कोकमासारखं लाल?"

"मावशी, सरबत नाही करायचंय."

"अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पहिला कॉम्प्युटर मिळतोय बाई. जरा हौस नको?"

मावशी म्हणजे वल्लरीच्या आईची धाकटी बहीण. बहात्तर साली नांदेडहून नर्स म्हणून न्यू जर्सीत आली आणि निवृत्त होईपर्यंत एकाच हॉस्पिटलात राबली. लग्न का केलं नाही, असं कोणी विचारलं तर 'रजा मंजूर झाली नाही' म्हणून सांगायची. गुडघे गेले, गाडी चालवणं सुटलं, तेव्हा वल्लरीने तिला आपल्याकडे आणलं आणि खालच्या मजल्यावरची खोली दिली. आता तिला विमान चालवायचं होतं. कॉम्प्युटरवरचंच, पण मावशीच्या लेखी ते खरंच. न्यूअर्कहून निघायचं आणि रोज तासभर उडत, टप्प्याटप्प्याने, आपल्या हाताने नांदेडच्या धावपट्टीवर उतरायचं.

एवढा खेळ पेलणारा कॉम्प्युटर तापतो. तापला की पंखे घोंघावतात. आणि पंखे घोंघावले की मावशीच्या कानातल्या यंत्रात अख्खा समुद्र शिरतो. म्हणून हा पाण्याने गार होणारा. पंप फिरतो, पाणी नळ्यांतून खेळतं आणि आतली उष्णता रेडिएटरपाशी आणून सोडतं. आवाज म्हणाल तर झोपलेल्या मांजराएवढा.

वल्लरीला हे कोणी शिकवलं नव्हतं. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली बाई, पहिली सहा वर्षं नोकरीला बंदी. त्या काळात गॅरेज सेलमधून मेलेले कॉम्प्युटर आणून तिने ते उघडले, बिघडवले आणि एक दिवस चुकून एक जिवंत झाला. आता पंधरा वर्षं ती लोकांना असे कॉम्प्युटर बांधून देत होती. शिकवणारं कोणी नसलेली माणसं प्रत्येक गोष्ट दोनदा मोजतात, तशी तीही मोजायची.

"डिस्टिल्ड," तिने निकाल दिला. "आणि औषधाचे थेंब. वर्षानं बदलायचं."

"दर वर्षी?" मावशीने कपाळाला आठी घातली. "आणि मी गेल्यावर कोण बदलणार?"

"तू गेल्यावर विमान कोण उडवणार?"

"तेही खरंच," मावशी म्हणाली, पण आठी गेली नाही.

दुपारी चारला भरणं जवळजवळ संपत आलं. पाण्याची टाकी म्हणजे कॉम्प्युटरच्या काचेमागे उभी केलेली, मनगटाएवढी जाड पारदर्शक नळी. ती वरपर्यंत भरायला दोन बोटं कमी असताना कॅन रिकामा झाला. रेडिएटर धुण्यात बरंच गेलं होतं, पण इतकं नाही.

"त्र्यंबक! कॅनमधलं पाणी कुठे गेलं?"

वल्लरीचा नवरा जिन्यात उभा राहून ॲसिडिटीची गोळी चघळत होता. तो औषधांच्या कंपनीत गुणवत्ता तपासणारा रसायनशास्त्रज्ञ, आणि चोरी पकडली गेली की आणखी शास्त्रीय बोलणारा. "माझ्या मशीनलाही डिस्टिल्डच लागतं," तो म्हणाला. झोपेत श्वास अडकू नये म्हणून तो नाकावर मास्क लावून झोपायचा. त्या मशीनला पाण्याची एक छोटी टाकी होती. "ती कोरडी राहिली की घसा सुकतो गं माझा. आठवडाभर थोडं थोडं घेतलं."

"सांगायचं तरी!"

"लेबलवर तुझं नाव नव्हतं."

वल्लरीने पाण्याच्या पातळीला निळ्या टेपची चिकटपट्टी लावली, म्हणजे कुठवर भरलंय ते कळेल, आणि गाडी काढली. ओक ट्री रोडवर दिवाळीआधीची गर्दी. साड्यांच्या दुकानासमोर माणसं दुहेरी रांगेत गाड्या लावून निवांत आत गेलेली. कॅन घेऊन परत यायला तास लागला. येऊन बघते तर नळी काठोकाठ भरलेली, आणि मावशी शेजारच्या खुर्चीत मांडीवर हात ठेवून बसलेली. ड्यूटी संपवून बसावी तशी.

"कशानं भरलंस?"

"पाण्यानं. तूप घालीन होय?"

त्र्यंबकच्या मशीनमधलं काढून घातलं असणार, असं वल्लरी धरून चालली. ती दमली होती. एरवी दोनदा मोजणाऱ्या बाईने त्या दिवशी एकदाही विचारलं नाही. औषधाचे थेंब घातले, सांध्यांना टिशू पेपर गुंडाळले आणि पंप चालू केला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळे टिशू कोरडे. मावशीने त्याच आठवड्यात न्यूअर्कहून उड्डाण केलं, आणि पहिल्याच दिवशी एका गोल्फ कोर्सवर उतरली.

खटकलं ते तापमान.

खोलीत बावीस अंश होते. पाणी दाखवत होतं एकोणीस. आता हे होऊ शकत नाही. रेडिएटर केवढाही लावा, पाणी खोलीच्या हवेपेक्षा गार होत नाही. कपातला चहासुद्धा हा नियम पाळतो. वल्लरीने सेन्सर बदलला. एकोणीस. मग दही विरजायला वापरायचा थर्मामीटर वरच्या झाकणातून आत सोडला. एकोणीस. आणि कॉम्प्युटर ग्रीनलंडवरचा बर्फ रंगवत ऐन भरात चालला होता.

तिसऱ्या दिवशी देवघर पुसताना तिला गंगेचा गडू दिसला. तांब्याचा, मुठीत मावेल एवढा. तो एका स्वच्छ फडक्यावर पालथा घातलेला होता. घासून धुतलेलं भांडं निथळायला ठेवतात तसा.

ती तशीच गडू हातात घेऊन खाली गेली.

मावशीने हेडफोन काढला. "ओरडू नकोस. आइसलँडला उतरतेय."

"मावशी, हे तू त्यात ओतलंस?"

"मग? तुझ्या बाटलीवर लिहिलंय, वर्षानं बदला. हे पन्नास वर्षं नासलं नाही. न नासणारं पाणी घरात असताना बाजारात कशाला जायचं?"

या गडूची गोष्ट वल्लरीला पाठ होती. मावशी अमेरिकेला निघाली तेव्हा तिच्या आईने तो सुटकेसमध्ये घातला होता. पहिल्याच वर्षी वॉर्डात जळगावकडचे एक म्हातारे गृहस्थ शेवटच्या घटका मोजत होते, आणि त्यांचा मुलगा कॉरिडॉरमध्ये उभा राहून रडत होता, की इथे गंगा कुठून आणू. मावशीने घरी जाऊन गडूचं सील तोडलं. तेव्हापासून अख्ख्या जर्सीत रीतच पडली. कुणाचे आईवडील जायला निघाले की 'रत्नाताईंना बोलवा'. ती बर्फात, पावसात, रात्रपाळी करून, गडू आणि तांब्याची पळी घेऊन जायची. काशी-हरिद्वारला जाणारी माणसं गडू परत भरून आणायची. सहा वर्षांपूर्वी गाडी सुटली, तसं ते जाणंही सुटलं. गडूत उरलं ते उरलं.

या घरात राहायला येताना मावशीने एकच अट घातली होती. शेवटची पळी वल्लरीने घालायची. 'बाकी सगळं माझं मी करीन. तेवढं मात्र आपलं आपल्याला घालता येत नाही.'

"मी त्यात औषध घातलंय," वल्लरी म्हणाली. "विष असतं ते, मावशी. आता ते कुणाच्या तोंडात घालता येणार नाही. तुझी पळी? मी कबूल केलं होतं ना तुला?"

मावशीने तिच्याकडे पाहिलं. मग पुन्हा पडद्याकडे. "बघू गं," ती म्हणाली. "चाकं खाली घ्यायचं बटण कोणतं?"

नोव्हेंबरच्या एका मंगळवारी पाणी कमी झालं.

फार नाही. अडीच मिलिमीटर. अशा यंत्रातलं पाणी महिनोन्महिने हळूहळू उडतं, ते वल्लरीला माहीत होतं. पण हे हळूहळू नव्हतं. कॉम्प्युटर दर मिनिटाची नोंद ठेवतो, आणि नोंदीत दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी एक बारीकसा खळगा होता. पंपाने जणू एक घोट चुकवला होता. तिने हवेचा दाब भरून गळती तपासली. काटा तासभर हलला नाही. सगळे सांधे कोरडे.

अडीच मिलिमीटर म्हणजे किती, ते तिने स्वयंपाकघरात मोजून पाहिलं. मापाच्या चमच्यांनी नीट जमेना. शेवटी देवघरातली पळी घेतली. बरोबर एक पळी.

बुधवारी राधिकाचा फोन आला. राधिका विद्वांस, इथेच जन्मलेली, पार्सिपनीत दातांची डॉक्टर. तिच्या आईला पंधरा वर्षांपूर्वी मावशीनेच पळी घातली होती.

"वल्लरीमावशी, डॅड काल गेले," ती म्हणाली. "पीसफुली. तीन-दहाला. मला रत्नाआजींना फक्त थँक यू म्हणायचंय."

"थँक यू? कशाबद्दल गं?"

"आय डोंट नो. त्यांना तोंडानं काही द्यायचं नाही असं नर्सनं सांगितलं होतं. नोबडी गेव्ह हिम एनिथिंग. पण शेवटी त्यांनी सिप घेतल्यासारखं गिळलं, अँड देन... त्यांचे लिप्स ओले होते. थंड. मला एकदम आजीच आठवल्या."

वल्लरीने हे मावशीला सांगितलं. मावशी दुपारची झोप काढून नुकती उठली होती, आणि तिचे पाय सुजले होते. उभ्याने ड्यूटी केल्यावर सुजतात तसे.

"विद्वांस गेले का? चांगला माणूस. फार बडबडायचा," ती म्हणाली. मग नळीकडे बोट केलं. "तिथे एक उभी पट्टी चिकटव. तारीख, वेळ, लिहीत जा. चार्ट ठेवल्याशिवाय कसली नर्सिंग?"

वल्लरीने पट्टी चिकटवली. निळ्या टेपपासून थेट वरपर्यंत. चिकटवताना तिने स्वतःला बजावलं, की हे गळती शोधण्यासाठी आहे.

हिवाळाभर रेघा उतरत गेल्या. कधी वल्लरीच्या हाताने, कधी मावशीच्या थरथरत्या बॉलपेनने. डिसेंबरात दोन, जानेवारीत थंडीच्या लाटेत चार. प्रत्येक रेघेनंतर एकदोन दिवसांत फोन यायचाच. एडिसनहून, प्रिन्स्टनहून, एकदा थेट शिकागोहून, डेव्हन ॲव्हेन्यूवर मिठाईचं दुकान काढून बसलेल्या जुन्या शेजाऱ्यांच्या घरून. वल्लरी वेळ विचारायची. वेळ जुळायची. ओठांबद्दल ती विचारत नसे. ते लोक आपणहून सांगायचे.

त्र्यंबकने सहा वेळा थेंबभर नमुना नेऊन तपासला. डिस्टिल्ड वॉटर, औषध, तांब्याचा अंश. बाकी काही नाही.

"मग?" वल्लरीने विचारलं.

तो गोळी चघळत बराच वेळ नळीसमोर बसला. "डेटा आहे, स्पष्टीकरण नाही," तो म्हणाला. "अशा वेळी आम्ही रिपोर्टात 'तपास चालू' लिहितो आणि जेवायला जातो. भूक लागलीय. काय केलंयस?"

ती हसली. या माणसाशी लग्न केल्याचा तिला अशा वेळी फार आनंद व्हायचा.

फेब्रुवारीत मावशी नांदेडला उतरली. म्हणजे धावपट्टीच्या अलीकडे, तुरीच्या शेतात. "गोदावरी चुकीच्या बाजूला दाखवलीय यांनी," ती कुरकुरली, आणि मग ती पडद्यावरची नदी बघत राहिली. त्या दिवसापासून तिने जॉयस्टिकला हात लावला नाही. हृदय थकलं होतं. मार्चमध्ये शेवटच्या दिवसांत सेवा करणारी हॉस्पिसची नर्स घरी येऊ लागली. तिचं उशा लावणं मावशीला पसंत नव्हतं.

पट्टीवर आता शेवटच्या रेघेपासून निळ्या टेपपर्यंत पाच मिलिमीटर उरले होते. दोन पळ्या.

वल्लरीचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. विश्वास नसताना माणूस जे करतो तेच तिने केलं. एका सकाळी, मावशी झोपेत असताना, तिने कॉम्प्युटर बंद केला. पंप थांबला. पाणी नळीत निश्चल उभं राहिलं. त्यातली एक पळी मावशीची होती. कशी पोचणार, ते तिला ठाऊक नव्हतं. पण दुसऱ्या कुणाला जाऊ द्यायची नाही, एवढं तिचं ठरलं.

चौथ्या दिवशी सत्यजितचा फोन आला. तो एडिसनला राहायचा. त्याची आई मीनाक्षीकाकू चार दिवस जात होती आणि जात नव्हती.

"डॉक्टर रोज म्हणतात, आज," तो म्हणाला. त्याचा आवाज झोप न झालेल्या माणसाचा होता. "ती पाणी पाणी करते, पण गिळता येत नाही. तोंड उघडं ठेवून वाट बघतेय, वल्लरीताई. मला बघवत नाही. रत्नामावशी... कसंही करून... नाही ना येऊ शकणार?"

"त्या अंथरुणातून उठत नाहीत रे," वल्लरी म्हणाली. तिने फोन ठेवला आणि वळली.

मावशी डोळे उघडे ठेवून पडली होती.

"पंपाचा आवाज येत नाहीये," ती म्हणाली.

"दुरुस्ती चाललीय."

"किती दिवस?"

वल्लरी तिची चादर सारखी करू लागली.

"किती दिवस, वल्ली?"

"चार."

"मीनाक्षी किती दिवस लटकलीय?"

खिडकीबाहेर कुणीतरी गाडीवरचा बर्फ खरवडत होतं.

"दोनच उरल्यात, मावशी. त्यातली एक तुझी आहे. मी शब्द दिलाय तुला."

"माझ्या वाटणीचं कुणी विचारलं तुला?" मावशीचा आवाज बारीक होता, पण वॉर्डाच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असा. "बारा पेशंट तहानलेले असताना नर्स आपला ग्लास आधी भरते का? सुरू कर."

"मावशी..."

"रडायचं नंतर. बटण आधी."

वल्लरीने बटण दाबलं.

पंप गुरगुरला. नळीत एक बुडबुडा वर चढला. खोलीत बावीस अंश होते, पाणी एकोणीसवर येऊन थांबलं.

आणि तिच्या डोळ्यांदेखत पातळी उतरली. हळू. पळी कलती करावी तशी.

मावशीने डोळे मिटले होते. तिचा उजवा हात चादरीवरून थोडा उचललेला होता. चिमटीत काहीतरी धरल्यासारखा.

सात मिनिटांनी सत्यजितचा मेसेज आला.

त्यानंतर तीन आठवडे एकही रेघ उतरली नाही. एक पळी उरली होती. वल्लरी मनातल्या मनात तिच्यावर पहारा करत होती. एप्रिलमध्ये समोरच्या मॅग्नोलियाला फुलं आली. एका दुपारी मावशीचा श्वास लांबला.

वल्लरी पलंगाशी बसली. त्र्यंबक पायाशी. उजव्या हाताला, पलंगावरून मावशीचा हात पोचेल अशी, ती नळी. मावशीचा हात हातात धरून आपण बघतोय मात्र नळीकडे, हे वल्लरीच्या लक्षात आलं आणि तिला लाज वाटली. तरी ती बघत राहिली.

श्वास. मोठी गॅप. श्वास.

पातळी हलली नाही.

"दे," ती पुटपुटली. कुणाला, ते तिलाही कळलं नाही. "आता तरी दे."

श्वास आलाच नाही.

पातळी हलली नाही.

तिने घाईने पळी स्वयंपाकघरात नेली, नळाच्या पाण्याने भरून आणली आणि मावशीच्या ओठांना लावली. ओठ मिटलेले होते. कोरडे. पाणी हनुवटीवरून ओघळून उशीत गेलं. त्र्यंबकने तिच्या हातातून पळी काढून घेतली आणि तिचं डोकं आपल्या पोटाशी धरलं.

"सगळ्यांना मिळालं," ती म्हणत राहिली. "तिलाच नाही."

"म्हणजे काही नव्हतंच ते, वल्ली," तो तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाला. "योगायोग. तू शब्द मोडला नाहीस."

पुढचे दिवस तिने हे वाक्य उराशी धरून काढले. काही नव्हतंच. दिवसकार्य झालं, माणसं पांगली. चौदाव्या दिवशी, रविवारी दुपारी जेवणं उरकल्यावर त्र्यंबक वर झोपायला गेला. "आमटी तिखट झाली होती गं," जाताना छाती चोळत म्हणाला, आणि दोन गोळ्या तोंडात टाकल्या. घरात दोघंच होती. वल्लरी रिकामी बादली घेऊन मावशीच्या खोलीत गेली. पाणी काढून टाकायचं, कॉम्प्युटर खोलायचा.

पंप अजून चालू होता. ती जमिनीवर बसली. पट्टी सोलून काढण्याआधी तिने चष्मा लावला आणि वरपासून वाचत आली. विद्वांस, तीन-दहा. मग डिसेंबर. मग जानेवारी. अगदी खाली मीनाक्षीकाकूंची रेघ.

त्या रेघेखाली, निळ्या टेपच्या वरच्या अडीच मिलिमीटरच्या जागेत, मुंगीएवढ्या अक्षरांत काहीतरी लिहिलेलं होतं. मावशीचं बॉलपेन. मावशीचा थरथरता हात.

'राखीव. माझी नव्हे.'

तारीख मीनाक्षीकाकू गेल्या त्याच दिवसाची होती.

वल्लरीने ते दोनदा वाचलं. म्हणजे मावशीला नाकारलं गेलं नव्हतं. तिने घेतलीच नव्हती. मागे ठेवली होती, घरातल्या माणसासाठी डब्यात शेवटचा लाडू ठेवतात तशी. तिला एकदम भरून आलं. मग, त्याच श्वासात, तिने वर छताकडे पाहिलं.

पाणी एकोणीस अंशांवर होतं.

"वल्ली," वरून त्र्यंबकचा आवाज आला. झोपाळू, घोगरा. "घसा फार सुकलाय गं. जरा पाणी आणतेस?"

"आले," ती म्हणाली. आणि उठताना तिने पाहिलं.

एक बुडबुडा वर चढला.

पाणी निळ्या टेपवर येऊन टेकलं. पडद्यावरचा आकडा वीस झाला. मग एकवीस. मग खोलीएवढा.

"राहू दे गं," वरून तो म्हणाला. "मिळालं."